पाणी कुठेच गळत नव्हतं तरी प्रेशर उतरत होतं

डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा म्हणजे आमच्याकडे धड जेवायलाही वेळ नसतो. गुहागर तालुक्यात वेळणेश्वरच्या अलीकडे आमचं घर, जुनं, कौलारू, चिऱ्याचं, आणि मागे आगराच्या कडेला पाहुण्यांसाठी स्लॅबच्या तीन खोल्या बांधल्यात. नाताळ ते एकतीस तारीख तिन्ही खोल्या बहुतेक भरलेल्या असतात आणि नेमकं त्याच दिवसांत ह्या वेळी पाण्याने आम्हाला छळलं, आठ-दहा दिवस नुसतं पाणी पाणी चाललं होतं घरात. शेवटी सापडलं ते अगदी साधं होतं, पण प्लंबर, माझा नवरा, इंग्लंडहून आलेले दीर आणि मी, चौघांनाही त्याने चकवलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण पाणी तापवायचा सोलर आणि प्रेशर पंपाची अशी जोडणी हल्ली किनाऱ्यावर बऱ्याच घरांत दिसते.

आधी आमची जोडणी सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. स्लॅबवर उंच चौथऱ्यावर हजार लिटरची काळी टाकी, विहिरीवरचा पंप ती भरतो. टाकीपेक्षा खालच्या पातळीवर, ठेंगण्या स्टँडवर दोनशे लिटरचा सोलर, काचेच्या नळ्यांचा. टाकीतलं गार पाणी आपल्या वजनाने सोलरमध्ये उतरतं आणि सोलरमधलं गरम पाणी तसंच वजनाने खाली बाथरूममध्ये येतं. सोलरच्या डोक्यावरून एक उघडा पाइप टाकीच्याही वर गेलेला असतो, हवा आणि वाफ जायला. तो पाइप कधीही बुजवायचा नाही, त्याला बूच मारलं तर सोलरची टाकी फुगून फुटू शकते.

सुरुवातीला गार पाणीही वजनानेच यायचं. आता दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं, आणि आमची टाकी शॉवरपासून तीनेक मीटर वर, म्हणजे ०.३ बार. एवढ्यात बादली भरते पण शॉवर नुसता ओघळतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे तेवढं एकच बोलून दाखवायचे, जेवण छान, जागा छान, शॉवरला फोर्स नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रेशर पंप बसवला, एक एचपीचा, आणि तो फक्त गार पाण्याच्या लाइनवर, कारण आमचा सोलर बिनदाबाचा आहे, त्याच्या टाकीला दाब सोसत नाही. एवढं प्लंबरने बरोबर केलं होतं.

प्रेशर पंपाचं काम असं चालतं. पंपाला एक स्विच असतो, लाइनचा दाब १.४ बारवर आला की पंप चालू, २.८ झाला की बंद. आणि शेजारी एक लोखंडी टाकी असते, आमची चोवीस लिटरची, तिच्या आत रबराचा फुगा. फुग्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. पंप बंद असताना ती हवा पाण्याला ढकलत राहते म्हणून कोणी हात धुतले की लगेच पंप सुरू होत नाही. आणि कोणीच नळ उघडला नाही तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा रात्रभर आहे तिथेच राहायला पाहिजे. हे वाक्य मी पुढच्या दिवसांत शंभर वेळा मनात म्हटलं असेल.

१९ तारखेला सकाळी चहा देताना एक नंबर खोलीतल्या ताई म्हणाल्या, काकू, रात्रभर वर काहीतरी घर्र घर्र करून बंद होत होतं. त्याच सकाळी दोन नंबरवाल्यांनी सांगितलं की गरम पाणी आलंच नाही. मी पंपाचं ह्यांना सांगितलं आणि गरम पाण्याचं मनातच मिटवून टाकलं, म्हटलं तीन कुटुंबं आंघोळी करतायत, संपलं असेल, चुलीवरचं पातेलंभर काढून दिलं आणि विसरले. खरं तर ऊन कडकडीत होतं, आंब्याला मोहोर यायला लागला होता, आभाळात ढगाचं नाव नाही. अशा उन्हात दोनशे लिटर पाणी पहाटे गार कसं हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. दोन तक्रारी दोन वेगवेगळ्या कप्प्यांत गेल्या आणि सगळा घोळ तिथेच झाला.

ह्यांनी वर जाऊन बघितलं तर एक नळ उघडला की पंप पाच-पाच सेकंदांनी चालू-बंद, चालू-बंद, टक टक टक, आणि खाली नळाचं पाणी धापा टाकल्यासारखं येतंय. त्यात माझे धाकटे दीर दोन दिवसांनी, २१ तारखेला इंग्लंडहून आले. लीड्सला असतात. बॅगा ठेवून पडवीत बसले, विषय निघाला आणि ते म्हणाले, "वहिनी, हे तर अगदी आमच्या बॉयलरसारखं झालं!"

त्यांच्याकडे घर गरम ठेवायला भिंतीवर गॅसचा बॉयलर असतो. तोच नळाचं पाणीही तापवतो आणि तोच खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतो. रेडिएटरचं पाणी बंदिस्त असतं, तेच तेच फिरत राहतं. बॉयलर गार असताना त्याचा काटा एक ते दीड बारच्या मध्ये हवा. भाऊजींचा काटा दर आठवड्याला खाली यायचा, बॉयलर बंद पडायचा, मग ते नळाच्या पाण्याचा कॉक उघडून पुन्हा भरायचे. भरलं की चालू, आठवड्याने पुन्हा तेच. रेडिएटर बघितले, कुठे ओल नाही, कार्पेट कोरडं. सारखं नवीन पाणी भरणंही बरं नाही, ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. शेवटी माणूस बोलावला, तिकडे गॅसच्या बॉयलरचं झाकण नोंदणी असलेल्या माणसानेच उघडायचं असतं. त्याने सांगितलं की आतल्या डब्यातली हवा गेलीये. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगलेल्या पाण्याला जागा द्यायला बॉयलरमध्ये असाच रबराचा पडदा आणि मागे हवा असलेला डबा असतो. हवाच नाही तर पाणी जाणार कुठे, दाब तीन बारवर जातो, सेफ्टी व्हॉल्व उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या बारीक पाइपातून अंगणात पडतं. मग बॉयलर गार झाला की तेवढं पाणी कमी, काटा खाली. घरात बघत राहिले आणि पाणी घराबाहेर पडत होतं.

मला हे फार पटलं. जेवणं आटोपून आम्ही तिघं टॉर्च घेऊन स्लॅबवर गेलो.

आमच्या पंपाच्या टाकीला मागे मोटरसायकलच्या टायरसारखाच वॉल असतो, काळं टोपण लावलेलं. हवा मोजायची तर आधी पंपाची लाइट बंद करायची आणि नळ उघडून काटा शून्यावर आणायचा, नाहीतर पाण्याचाच दाब मोजला जातो. हे न करता टायरवाल्याकडून आणलेलं मीटर लावणारे मी बघितलेत, त्यांना कायम वाटतं की हवा बरोबर आहे. भाऊजींनी टोपण काढलं, मी नखाने पिन दाबली. बारीक फुस्स झालं आणि थांबलं. बोट लावून बघितलं, कोरडं. पाणी आलं असतं तर फुगा फाटला असं समजायचं, नवीन घालावा लागला असता. मीटर लावलं तर चार पीएसआय. हवी होती अठरा, कारण पंप चालू होतो १.४ बारला म्हणजे वीस पीएसआयला आणि हवा त्याच्यापेक्षा दोनेक पीएसआय कमी ठेवायची. ह्यांच्या बाईकचा पायपंप आणून हवा भरली, पाणी चालू केलं, आणि धापा बंद! नळ एकसारखा, पंप शांत. त्या रात्री मी निवांत झोपले.

पण २२ च्या रात्री पुन्हा घर्र. आता पाच सेकंदांनी नाही, पण खाली कोणीही पाणी वापरत नसताना तीन-साडेतीन मिनिटांनी पंप पंधरा-वीस सेकंद चालायचा आणि बंद व्हायचा. काटा २.८ वरून डोळ्यांदेखत खाली सरकायचा, १.४ ला आला की टक. म्हणजे हवेचा दोष खरा होता पण तो एकटा नव्हता. आधीचा गोंधळ गेला म्हणून आता मागचा दिसायला लागला.

ह्यांना वाटलं स्विचच बिघडला. मेन बंद करून स्विचचं झाकण काढलं तर आत काळ्या मुंग्यांची वसाहत, पॉइंटच्या मध्ये चिरडलेल्या मुंग्यांचा थर आणि खाऱ्या हवेने आलेला हिरवा गंज. पॉलिश पेपरने साफ केला. हे काम वर्षातून एकदा केलंच पाहिजे आमच्याकडे, समुद्र हाकेवर आहे. पण स्विच साफ झाल्याने काटा थोडाच थांबणार, काटा उतरतोय म्हणजे पाणी जातंय.

मग गळती शोधणं. तिन्ही खोल्यांचे नळ, शॉवर, बेसिनखालचे अँगल कॉक, सगळीकडे कोरडं फडकं फिरवलं. फ्लशच्या टाक्यांवर माझा संशय होता कारण त्या आवाज न करता आतल्या आत गळतात, पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने सरकत राहतं आणि दिसत नाही. कपड्यांची नीळ घेतली, तिन्ही टाक्यांत थोडी थोडी टाकली आणि पाहुण्यांना सांगितलं की अर्धा तास फ्लश करू नका. एक नंबरचं भांडं पांढरं, तीन नंबरचं पांढरं, दोन नंबरमध्ये निळसर रेघ उतरली. वॉशर बदलला. पंपाची वेळ साडेतीन मिनिटांवरून चार मिनिटांवर गेली. एवढाच फरक. पण ही निळेची युक्ती कोणीही करून बघावी, काही खर्च नाही.

२४ तारखेला शृंगारतळीहून प्लंबर आला. चांगला माणूस आहे, आमच्या वाडीतली निम्मी कामं त्याचीच. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, आधी किती पाणी जातंय ते बघू. रात्री विहिरीचा पंप लावू नका, टाकीत काठी घालून खूण करा." रात्री अकरा वाजता मी बांबूची काठी टाकीत उभी धरली, ओल जिथपर्यंत आली तिथे खडूने रेघ मारली. पहाटे साडेपाचला परत. आता हिशोब बघा, आमच्या टाकीत २.८ ते १.४ च्या मध्ये साधारण आठ लिटर पाणी बसतं. दर चार मिनिटांनी एकदा म्हणजे तासाला पंधरा वेळा, म्हणजे एकशेवीस लिटर, आणि साडेसहा तासांत जवळजवळ आठशे लिटर. हजार लिटरची टाकी जवळजवळ रिकामी दिसायला हवी. काठी काढली तर रेघेपासून ओल दोन बोटं खाली! रात्री लोक उठले असतील, बाथरूमला गेले असतील, त्याचंच ते पाणी.

मी पुन्हा काठी घातली. तेच.

प्लंबरला फोन केला तर म्हणाला काठी चुकली असेल, तिरकी धरली असेल. ह्यांचं म्हणणं, गेजच खराब आहे, पाणी जातच नाही, काटा खोटा दाखवतोय. पण गेज खोटं असेल तर पंप कशाला चालू होतोय, स्विचला गेज दिसत नाही, त्याला दाब कळतो. भाऊजी गप्प बसून राहिले. आई, माझ्या सासूबाई, मागच्या दारात नारळ सोलत होत्या, त्या म्हणाल्या, पाणी काय उडून जातं होय.

२६ ला प्लंबर परत आला आणि आता त्याने भाऊजींच्या सांगण्यावरून एकेक लाइन बंद करायचं ठरवलं. भाऊजींच्या बॉयलरलाही त्या माणसाने असंच केलं होतं म्हणे, एकेक भाग तोडून बघायचा. आमच्या प्रत्येक खोलीला गार पाण्याचा वेगळा कॉक आहे, हे नशीब. एक नंबर बंद, काटा उतरतोय. तो चालू, दोन नंबर बंद, उतरतोय. तीन नंबर बंद केला आणि काटा थांबला. पूर्ण थांबला. पाच मिनिटं आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत उभे होतो. प्लंबर म्हणाला, सापडलं, तीन नंबरच्या भिंतीत गळतंय, आतला पाइप तडकलाय, पाणी भिंतीच्या पायात मुरतंय म्हणून वर ओल नाही. टाइल्स फोडाव्या लागतील, शॉवरखालची एक ओळ, दोन दिवसांचं काम.

तीन नंबरला ३० तारखेपासून नाशिकची मंडळी येणार होती, सहा जण, आजी-आजोबांसकट, पैसे आधी भरलेले. मी म्हटलं आज फोडायचं नाही. प्लंबरचं चुकत होतं असं नाही, त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, पण त्या काठीचं उत्तर कोणी देत नव्हतं. आठशे लिटर पाणी पायात मुरलं तर टाकीतून आठशे लिटर कमी व्हायला नको का? मला तेवढं एकच कळत होतं आणि मी तेवढंच धरून बसले. ह्यांच्याशी थोडं वाजलंही त्यावरून. तात्पुरतं तीन नंबरचा कॉक रात्री बंद ठेवायचा असं ठरलं, खोली रिकामीच होती त्या दोन दिवसांत.

२७ ला रात्री जेवताना भाऊजी बॉयलरचंच काहीतरी सांगत होते. त्यांच्या शेजाऱ्याकडे उलटा प्रकार झाला होता, दाब उतरायच्या ऐवजी आपोआप चढत होता. बॉयलरच्या आत एक पत्र्यांचा गठ्ठा असतो, पत्र्याच्या एका बाजूने रेडिएटरचं गरम पाणी आणि दुसऱ्या बाजूने नळाचं पाणी, पत्र्यातूनच ऊब इकडून तिकडे जाते, पाणी पाण्याला भेटत नाही. त्या पत्र्याला बारीक भोक पडलं आणि नळाचं जास्त दाबाचं पाणी आतल्या आत रेडिएटरच्या कमी दाबाच्या पाण्यात शिरायला लागलं. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. ऐकलं आणि झालं.

२८ ला पहाटे पाचला उठले. रात्री गडबडीत तीन नंबरचा कॉक बंद करायचा राहिला होता आणि पंप वर घरघरत होता. मागच्या पडवीतल्या गार पाण्याच्या नळाला तोंड धुवायला गेले, हा नळ सरळ टाकीवर आहे, पंपाचा आणि सोलरचा काही संबंध नाही. थंडी होती, दव पडलेलं, पायाखालचे चिरे गारठलेले. नळाखाली हात धरला आणि पाणी ऊन.

ऊन म्हणजे अगदी गरम नाही, तान्ह्या बाळाला पाजायला दूध ठेवतो तेवढं. काळी टाकी दिवसभर तापते त्यामुळे संध्याकाळी सहाला तिचं पाणी ऊन लागलं तर मला काही वाटलं नसतं. पण पहाटे पाचला, डिसेंबरात, उघड्यावरच्या टाकीचं पाणी हाताला बोचायला हवं. मी नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले. दोन नंबरला पहाटे गरम पाणी नसतं. टाकीचं गार पाणी पहाटे ऊन असतं. टाकी रिकामी होत नाही. गार पाण्याला दोन-अडीच बार दाब आहे आणि गरम पाण्याला ०.३. भाऊजींचा तो पत्र्याचा गठ्ठा.

पाणी गळत नव्हतंच, फिरत होतं! पंप टाकीतलं पाणी ढकलत होता, ते कुठेतरी गार लाइनीतून गरम लाइनीत शिरत होतं, गरम लाइनीतून उलटं वर सोलरमध्ये, आणि सोलरमधलं तापलेलं पाणी गार पाण्याच्या पाइपातून उलटं परत टाकीत. रात्रभर गोल गोल. तासाला एकशेवीस लिटर, म्हणजे दोन तासांच्या आत सोलरच्या दोनशे लिटरएवढं पाणी बाहेर ढकललं जातं. पहाटेपर्यंत गरम पाणी कुठून उरणार.

भाऊजींना उठवलं. ते तसेच शाल घेऊन आले, हात धुतले आणि म्हणाले, "वहिनी, चला, दोन्ही पाणी एकत्र येतात ती जागा शोधू." तीन नंबरच्या गार-गरम एकत्र करणाऱ्या मिक्सर नळापाशी गेलो, दोन्ही मुठी घट्ट बंद. मग आठवलं की तीन नंबरच्याच लाइनीतून बाहेर एक फाटा काढलाय. समुद्रावरून येणारी पाणंद तीन नंबरच्या मागून येते आणि लोक वाळूने माखून येतात, पोरं तर डोक्यापासून पायापर्यंत, म्हणून तिथे भिंतीला बाहेरून एक शॉवर ठेवलाय, गार आणि गरम दोन कॉक, पुढे टीने एकत्र केलेले. आधी तिथे नुसता उघडा शॉवर होता. तो डिसेंबरच्या सुरुवातीला तुटला आणि ह्यांनी पाणी वाचावं म्हणून त्याच्या जागी लांब नळीचा जेट लावला, संडासात असतो तसला, दाबला की पाणी, सोडला की बंद. काम चांगल्या हेतूने केलेलं, आणि इतकं बारीक की आठ दिवसांत कोणाच्या तोंडी त्याचा उल्लेखही आला नाही.

टॉर्च मारला. जेट खुंटीला टांगलेला, एक थेंब गळत नव्हता. आणि दोन्ही कॉक उघडे, अर्धे अर्धे. बरोबरच आहे, पाहुण्यांनी पाय धुतले, जेट सोडला, पाणी थांबलं, मग कॉक कोण कशाला फिरवेल. उघडा शॉवर असता तर पाणी बाहेर पडताना दिसलं असतं, लोकांनी कॉक बंद केला असता. जेटने तोंड बंद केलं आणि आत दोन्ही लाइनी एकमेकींना जोडलेल्या राहिल्या, जास्त दाबाचं गार पाणी कमी दाबाच्या गरम लाइनीत घुसत राहिलं. मी गरम पाइपावर तळहात ठेवला, टाकीच्या पाण्याइतकाच, नुसता कोमट, आणि आतून बारीक थरथर. पाणी वाहत असल्याची ती थरथर मला अजून हाताला आठवते.

भाऊजी वर गेजपाशी गेले, मी खाली कॉकपाशी. गरमचा कॉक बंद केला. वरून हाक आली, २.६ वर थांबला! दहा मिनिटं थांबलो, २.६. मग मी मुद्दाम कॉक पुन्हा उघडला, काटा सुटला खाली. परत बंद, थांबला. असं दोनदा केलं, कारण आधी हवेच्या वेळी आम्ही एकदाच बघून खूश झालो होतो.

प्लंबर २९ ला आला. त्याला काही समजवावं लागलं नाही, जेट बघून त्याने स्वतःच कपाळाला हात लावला आणि टीकडे बोट दाखवलं. काय काय केलं ते सांगते. बाहेरचा जेट काढून पुन्हा उघडा शॉवर लावला, आणि तिथली गरम लाइन एंड कॅप लावून बंदच करून टाकली. वाळू धुवायला गरम पाणी लागतं कुठे. मग सोलरमधून गरम पाणी बाहेर पडतं तिथे एक एनआरव्ही बसवला, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व, म्हणजे खालून कोणीही काहीही उघडं ठेवलं तरी पाणी उलटं सोलरमध्ये चढणार नाही. पहिल्यांदा त्याने स्प्रिंगचा बसवला आणि गरम पाण्याची धार सुतासारखी झाली, कारण आमचं गरम पाणी वजनावर येतं, ०.३ बार, त्यातला थोडा दाब ती स्प्रिंग उघडण्यातच जातो. मग तो काढून झडपेचा बसवला, आत पातळ झडप असते ती पाण्याच्या हलक्या रेट्यानेही उघडते. तो आडव्या पाइपात बसवायचा आणि वर झडपेचा बाण असतो तो पाणी जायच्या दिशेला हवा. मी स्वतः बाण बघितला. आणि टाकीच्या बाजूला, म्हणजे सोलरच्या वरच्या अंगाला, उघडा पाइप आहे तो तसाच मोकळा आहे ना हे पण त्याच्याकडून बघून घेतलं.

अजून एक काम राहिलंय. खोल्यांतल्या मिक्सरमध्ये गार आणि गरमचा दाब वेगळा तो वेगळाच आहे. सोलरपाशी झडप बसली म्हणून पाणी वर जात नाही, पण एखाद्या खोलीत मिक्सर आतून झिजला तर तिथलं गार पाणी दुसऱ्या खोलीच्या गरम नळातून येऊ शकतं. त्यासाठी प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला वेगळी झडप लागेल, ती पाहुण्यांचा मोसम संपला की मे महिन्यानंतर बसवून घेणार आहोत. आणि गार पूर्ण उघडलं की गरम दबून जातं हे तर आहेच. आता चावी देतानाच सांगते, आधी गरम पूर्ण उघडा, मग गार थोडं थोडं. लोक ऐकतात. गरम पाण्याला सोसेल असा छोटा पंप त्या लाइनीवर घ्यायचा की दाबाचा सोलरच नवीन घ्यायचा हे ह्यांचं आणि माझं अजून ठरत नाहीये, सोलरला तर खर्च बराच आहे.

नाशिकची मंडळी ठरल्याप्रमाणे ३० ला आली. त्या रात्री सगळे झोपल्यावर अकरा वाजता मी वर जाऊन काटा बघितला, २.६. पहाटे साडेपाचला पुन्हा गेले, २.४, मध्ये कोणी हात धुतले असतील. खाली येऊन मागच्या नळाखाली हात धरला तर पाणी झोंबलं. आणि साडेसहाला नाशिकच्या आजी बादली भरून घेताना म्हणाल्या, सूनबाई, जरा गार पाणी आणून दे गो, हे फार कढत आहे.